एकतिसावा खिळा

५ जानेवारी, सोमवार

परवाना मिळाला. कायमचा नाही, दोन महिन्यांचा, 'बघू कसं जमतंय' या बोलीवर. बंदरसाहेबांनी कागद पुढे केला पण सोडेनात, मला जवळजवळ ओढूनच घ्यावा लागला. माणूस वाईट नसेल, पण त्यांच्या हसण्यात काहीतरी आहे. अट एकच. सकाळी नऊच्या बोटीनं बेटावर आलेला प्रत्येक पाहुणा संध्याकाळी पाचच्या बोटीनं परत गेला पाहिजे. एक जरी मागे राहिला, तरी सहल बंद.

मी म्हटलं, साहेब, माणसं मोजायला आमच्या घराण्याला कुणी शिकवू नये.

हे सगळं वहीत लिहून ठेवतोय, कारण उद्या सहल नावारूपाला आली की दहा जण म्हणतील, कल्पना आमचीच. कल्पना माझी आहे. वजनकाट्याच्या शेडमध्ये जुनी फळी अजून भिंतीवर आहे. चाळीस खिळे, चाळीस पितळी बिल्ले. पूर्वी मोठी जहाजं लांब उभी राहायची आणि हमाल मचव्यातून माल उतरवायला जायचे. जाताना आपला बिल्ला गळ्यात घालायचा, परत आलं की आपल्या नंबरच्या खिळ्यावर टांगायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून पाण्यावर. सगळे खिळे भरल्याशिवाय बिल्लेकारकुनानं शेडला कुलूप लावायचं नाही. ते बिल्लेकारकून म्हणजे आमचे आप्पा. चौतीस वर्षांत एकाही संध्याकाळी त्यांच्या फळीवर खिळा रिकामा राहिला नाही, रजिस्टर साक्षीला आहे. माझे पाहुणेही तसेच सकाळी बिल्ला घेतील आणि पाचला टांगतील. साहेब दारातून भरलेली फळी बघणार, शिट्टी मारणार, बोट सुटणार.

अक्काला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, दीपगृह दाखव, दोरवाल्यांची गल्ली दाखव, फळीत काय बघायचंय? त्र्याहत्तर वर्षांची झाली, पण आपल्या बापाची थोरवी बाईला कधी कळली नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

११ जानेवारी, रविवार

पहिली सहल. बावीस माणसं. दीपगृहाच्या एकशे चार पायऱ्या चढून एक जाडे गृहस्थ वर पोचले आणि विचारते झाले, इथून खाली जायला दुसरा रस्ता आहे का. दोरवाल्याच्या गल्लीत सगळ्यांनी काथ्या वळून पाहिला, एका बाईनं बोट सोलून घेतलं. शिडं शिवायच्या माळ्यावर सगळे गप्प झाले, तिथली हवाच तशी आहे. पण मैफल जिंकली ती फळीनं. आप्पांची गोष्ट मी शेवटी ठेवली होती. म्हातारपणी अंथरुणाला खिळले होते, तरी रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास उठून बसायचे आणि विचारायचे, "सगळे आले का?" केवढी कर्तव्यनिष्ठा! हे सांगताना मी रुमालच काढला. दोन-तीन पाहुण्यांनीही.

पाच वाजता दोन खिळे रिकामे. माणसं सगळी बोटीत बसलेली, पण दोघांनी बिल्ला आठवण म्हणून खिशात घातलेला. लोकांना लाज नाही. पण आप्पा दूरदृष्टीचे. हरवलेल्या बिल्ल्यांसाठी प्रत्येक नंबरचा एक जोड करून त्यांनी पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. ओळखू यावा म्हणून जोडाच्या मागे बारीक टिंब ठोकलंय. तेव्हाही हमाल बिल्ला गळ्यात तसाच ठेवून घरी जायचे म्हणे, आणि आप्पा जोड टांगून फळी पुरी करायचे. मीही दोन जोड टांगले. शिट्टी झाली.

बोटीचा तांडेल माझ्याकडे बघून हसला. याच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे.

१८ जानेवारी, रविवार

आज एक बाई आली. माझ्याच वयाची, साठीची. एकटी. कॅमेरा नाही, खाऊचा डबा नाही, फक्त निळ्या पुठ्ठ्याची वही. बिल्ले वाटताना पुढे आली आणि म्हणाली, एकतीस नंबरचा मिळेल का? मी म्हटलं, बाई, ही काय सोडत आहे? नऊ नंबर दिला.

दीपगृहावर तिनं एक अक्षर लिहिलं नाही. माळ्यावर नाही. फळीपाशी मात्र भराभर लिहीत होती. माझं बोलणं संपल्यावर विचारलं, एखाद्याचा बिल्ला दुसऱ्यानंच टांगला तर? मी म्हटलं, आमच्या वडिलांच्या राज्यात ते होणे नाही.

पाणी मुरतंय. पलीकडच्या किनाऱ्यावर सहलीची एक मोठी कंपनी आहे, त्यांना माझी कल्पना उचलायची असणार. नाहीतर साहेबांनी पाठवली असेल, माझी चूक काढायला. तिसरी शक्यता अजून सुचलेली नाही. सुचेल.

२५ जानेवारी, रविवार

परत आली. त्याच चपला, तीच वही. मी मुद्दाम एकतीस नंबरचा बिल्ला तिच्या हातात ठेवला. म्हटलं, बघू काय करते. तिनं तो गळ्यात घातला नाही. दिवसभर मुठीत धरून होती. एकदा उलटा करून मागची बाजू निरखून पाहिली आणि परत मूठ मिटली.

नंतर काचेच्या पेटीतल्या रजिस्टरचं एक जुनं पान उघडून दाखवा म्हणाली. तारीख, महिना, वर्ष सगळं तोंडपाठ. एकोणसाठ वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा मी दोन वर्षांचा. मी सांगितलं, पानं नाजूक आहेत, उघडता येणार नाहीत. खरं तर नाजूकबिजूक काही नाहीत, पण मागितलं की द्यायचं हा माझा स्वभाव नाही.

येताना घरावरून आलो. अक्का खिडकीत होती. त्या बाईनं वर पाहिलं, अक्कानं खाली पाहिलं, आणि खिडकी लागली. जेवताना अक्कानं अर्धी पोळीही खाल्ली नाही. विचारलं तर म्हणे भूक नाही. मी विचारलं, तू त्या बाईला ओळखतेस का? म्हणाली, कोण बाई?

कोण बाई म्हणे. घरातलंच माणूस फितूर असेल तर काय करायचं?

२७ जानेवारी, मंगळवार

रजिस्टरचं ते पान स्वतः बघितलं. त्या दिवशी वादळी वारं होतं, आप्पांनी तशी नोंद केलीय. चाळीसही हमालांपुढे 'परत' लिहिलंय. एकतीसपुढेही 'परत', वेळ सहा दहा, सुवाच्य अक्षर. दुसऱ्या दिवशी एकतीस गैरहजर. तिसऱ्या दिवशी गैरहजर. असे अकरा दिवस. मग शेरा: 'घर सोडून गेल्याचे समजते. नाव कमी केले.'

म्हणजे हा पळपुटा निघाला! पाण्यावरून सुखरूप परत आला आणि बायकापोरांना टाकून कुठल्यातरी जहाजावर चढून पसार झाला. त्या काळी असं बऱ्याचदा व्हायचं. कंपनीला अशाच चटकदार गोष्टी हव्या असतात. म्हणून बाईला ती तारीख हवी! अरे, पण गोष्ट आमच्या रजिस्टरातली आहे, तर आधी सांगणार कोण? मीच.

त्या दिवसाची सगळी अक्षरं एकाच शाईतली आहेत, पण एकतीसच्या ओळीत टाक जरा अडखळलाय. म्हातारपण नव्हे, तेव्हा आप्पा ऐन उमेदीत होते. वारं असेल.

१ फेब्रुवारी, रविवार

आजची सहल रंगली. फळीपाशी एकतीस नंबरची गोष्ट सांगितली, चांगली तिखटमीठ लावून. घरी बायको चूल पेटवून बसली असेल, पोर दारात उभं असेल आणि हा पठ्ठ्या शिडी चढून दुसऱ्या मुलखाला! लोक पोट धरून हसले. जाडे गृहस्थ परत आले होते, ते म्हणाले, आम्हालाही तो रस्ता दाखवा.

ती बाई आली होती. ती हसली नाही. तिनं वही मिटली, पिशवीत ठेवली आणि शेडच्या बाहेर जाऊन ओट्यावर बसली, पाच वाजेपर्यंत. मला वाटलं, बरी खोड मोडली. तिची गोष्ट तिच्या आधी मी सांगून टाकली.

घरी येऊन अक्काला हाच किस्सा ऐकवला. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. चहा सगळा जमिनीवर. मी पुसला. ती आत गेली आणि दाराला कडी लावली. या घरात आता मोकळेपणानं बोलायचीही सोय राहिली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चोर सापडला.

आज बिल्ले चिंचेनं घासायला घेतले. एकतीस नंबर उलटा केला तर मागे टिंब! म्हणजे फळीवर आहे तो जोड, अस्सल नाही. डबा उघडून पाहिला. त्यात एकतीसचा जोड नाही. बाकी सगळे आहेत, दोन मी टांगलेले धरून. सरळ हिशेब आहे. पंचवीस तारखेला बाईच्या मुठीत दिवसभर अस्सल एकतीस होता. डब्यातला जोड तिनं कुणाकडून तरी मिळवला, तो टांगला आणि अस्सल घेऊन गेली. डबा कुठे असतो हे ठाऊक असलेली माणसं दोनच, मी आणि अक्का.

सख्खी बहीण. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

फक्त एक गोष्ट बसत नाही. या जोडाच्या भोकाला खिळ्याचा गंज धरलाय, तांबडा, जुना. दहा दिवसांत एवढा धरत नाही. पण खाऱ्या हवेचं काय सांगता येतं?

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

गेल्या रविवारी आली नव्हती. आज आली. बोट धक्क्याला लागली तशी मी तिला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं की अस्सल बिल्ला मुकाट्यानं परत करा, मी साहेबांकडे जाणार नाही.

तिनं वही पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "अस्सल एकतीस सापडला तर मलाही सांगा. मी आयुष्यभर तोच शोधतेय."

चोराच्या उलट्या बोंबा. नऊ नंबर हातात देऊन मोकळा झालो. तांडेल म्हणतो, दुपारनंतर वारं वाढणार, बोट पाचच्या ठोक्याला सोडायची. आता निघतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. काही गाळता आलं असतं तर गाळलं असतं.

पाचला पाच मिनिटं कमी. फळीवर एकच खिळा रिकामा, नऊ. पाहुणे बोटीत चढून तोंडं लपवून बसलेले, वारं तोंडावर येत होतं. तांडेल ओरडत होता. साहेब दारात, शेडकडे पाठ करून उभे. मी बोटीत डोकावलो, डोक्यावर पदर-टोप्या ओढलेल्या, कोण कुठे काही दिसेना. मनात म्हटलं, आणखी एक बिल्ला लंपास. एकतीस घेतला, आता नऊ. किंवा मुद्दाम टांगला नाही, बोट अडावी, परवाना जावा म्हणून. मी तिच्या वरताण. डब्यातून नऊचा जोड काढला आणि टांगला. साहेबांनी फळी पाहिली, शिट्टी मारली. बोट गेली. मी स्वतःवर खूश होतो, हेही लिहितो.

घरी आलो. उजेड होता अजून. अक्का दारातच उभी. सहल सुरू झाल्यापासून तिनं कधी एका शब्दानं चौकशी केली नव्हती. काल विचारलं.

"सगळे आले का?"

अगदी आप्पांचा सूर. मी म्हटलं, फळी भरली.

"तिनं भरली, का तू भरलीस?"

ती उंबऱ्यावरच बसली आणि जे बोलली ते चौदाव्या वर्षापासून पोटात घालून बसली होती. त्या वादळाच्या संध्याकाळी ती आप्पांसाठी जेवणाचा डबा घेऊन शेडवर गेली होती. एकतीस नंबरचा खिळा रिकामा. आप्पा म्हणाले, हा नेहमीचाच विसराळू, बिल्ला गळ्यात घेऊन गेला असणार घरी. पाऊसवाऱ्यात पोरीला किती थांबवायचं, म्हणून त्यांनी डब्यातला जोड टांगला, 'परत' लिहिलं, कुलूप लावलं. एकतीस घरी गेलेला नव्हता. तो परतीच्या मचव्यातच चढला नव्हता, की चढताना पाण्यात गेला, कुणालाच कळलं नाही, कारण कुणी शोधलंच नाही. रजिस्टर म्हणत होतं, माणूस किनाऱ्यावर आलाय. किनाऱ्यावर आलेला माणूस घरी नाही, म्हणजे पळाला. त्याची बायको तीन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन आठ दिवस शेडच्या दारात येऊन उभी राहत होती. लोक हसत होते. मग तीही बेट सोडून गेली. आप्पांनी अक्काला एवढंच सांगितलं होतं, बोलू नकोस, आपलं घर उठेल.

अक्का म्हणाली, "खिडकीतून बघितलं ना, तेव्हाच ओळखलं. बापाचाच चेहरा आहे."

डब्यात एकतीसचा जोड का नव्हता ते मला तिथे उंबऱ्यावर कळलं. तो एकोणसाठ वर्षं फळीवरच होता. अस्सल त्याच्या गळ्यात आहे, जिथे कुठे तो आहे तिथे. मी आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतला, तांडेलावर, साहेबांवर, स्वतःच्या बहिणीवर. एकाच माणसावर घेतला नाही.

मग मी धावलो. साठी उलटल्यावर माणूस धावतो ते बघण्यासारखं नसतं. शेडच्या मागे, सहलीत मी दाखवत नाही तिथे, मचवा लागायच्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत. भरतीला निम्म्या बुडतात. तिथेच होती, बाप जिथून मचव्यात चढायचा ती जागा बघायला आलेली. शेवाळावरून घसरून पाय दोन दगडांच्या फटीत अडकलेला, पाणी गुडघ्याच्या वर, आवाज बसलेला. शिट्टी तिनं ऐकली होती. बोट जाताना पाहिली होती. तिला वाटलं, आता कुणी येणार नाही, फळी भरली असेल.

दोरवाल्याला हाक मारली. त्यानं दोर टाकला, मी पाण्यात उतरलो, दगड हलवला, दोघांनी मिळून ओढून वर घेतलं. घोटा सुजलाय, मोडलेला नाही. वर आल्यावर तिनं मूठ उघडली आणि नऊ नंबरचा बिल्ला माझ्या हातावर ठेवला. मला रडू फुटलं. लपवलं नाही.

रात्री ती आमच्याकडेच राहिली. चहा करून दिला आणि मी बाहेर बसलो. अक्का आणि ती आत बोलत होत्या. काय बोलल्या, मला ऐकायचं नव्हतं. हे माझ्या बाबतीत नवीनच आहे.

आज सकाळी साहेबांकडे जाऊन सांगितलं की कालची फळी खोटी होती, ती मी भरली, पाहुणी मागे राहिली होती. लेखी दिलं. एकोणसाठ वर्षांपूर्वीचंही दिलं. साहेबांनी दोन्ही कागद वाचले. विचारलं, हे आपण होऊन कशाला सांगताय? कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, तोच तर घोटाळा आहे. ते म्हणाले, येत्या रविवारची बुकिंगं झालीयत तेवढी करा, पुढचं पुढे.

२२ फेब्रुवारी, रविवार

एकोणीस पाहुणे. तीही आली, काठी टेकत. दीपगृह चढली नाही.

फळीपाशी गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच अडखळत सांगितली. आप्पा चांगले होते, हे सांगितलं, कारण होते. पाऊसवाऱ्यात पोरीला थांबवायला नको म्हणून त्यांनी एक बिल्ला टांगला, हे सांगितलं. त्यानं एक माणूस पळपुटा झाला, हेही. आणि मीच याच महिन्यात त्या माणसावर तुमच्यासारख्यांना हसवलं, हेही. कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही. एकानं विचारलं, मग म्हातारपणी ते जे विचारायचे, सगळे आले का, ते कर्तव्य नव्हतं? मी म्हटलं, नाही. ते घाबरून विचारायचे.

मग फळीवरचा टिंबाचा एकतीस मी काढला आणि डब्यात ठेवला, बाकीच्या जोडांबरोबर. रजिस्टर उघडून ते पान तिच्यापुढे धरलं. 'परत' या शब्दावर तिनं बोट ठेवलं, बराच वेळ. मी खाली आजची तारीख घालून लिहिलं, 'क्र. ३१ परत आलेला नाही', आणि सही केली. तिनं ती ओळ तिच्या निळ्या वहीत उतरवून घेतली. म्हणाली, आईच्या फोटोमागे चिकटवणार आहे.

पाच वाजता साहेब दारात आले. सगळे बोटीत, सगळे बिल्ले जागच्या जागी, एक खिळा रिकामा. तांडेल शिट्टीची वाट बघत होता.

साहेब म्हणाले, "एक कमी आहे."

"हो साहेब. एकतीस. तो अजून यायचाय."

शिट्टी त्यांच्या हातात होती. आत आले, रजिस्टरातली माझी ओळ वाचली, तिच्याखाली आपली सही केली, शिक्का मारला. मग बाहेर जाऊन शिट्टी वाजवली. परवान्याचं काहीच बोलले नाहीत. हसलेही नाहीत, त्यामुळे काय समजायचं कळत नाही. तांडेलानं दोर सोडता सोडता मला हात केला. हा मनुष्य पहिल्यापासून माझ्याकडे बघून का हसतो, ते मी एकदा विचारणार आहे.

घरी आलो तर अक्का दारात. सहा वाजत आले होते.

"सगळे आले का?"

"नाही, अक्का. एक राहिलाय."

तिनं मान हलवली आणि आत जाऊन दोघांची ताटं वाढली. आज पोटभर जेवली.